गंगथडीची गावे : प्रवरासंगम ते पैठण

नाशिक जिल्हा ओलांडून आग्नेयेकडे वाहणारी गोदावरी कोपरगाव आणि पुणतांबा मागे टाकून कायगावपाशी येते, तेव्हा दक्षिणेकडून प्रवरा तिला मिळते. या संगमापासून पैठणपर्यंत नदीचा पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा पट्टा आहे. उत्तर काठावर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर आणि पैठण हे तालुके, तर दक्षिण काठावर अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे आणि शेवगाव हे तालुके येतात. नकाशावर नदीचे नाव गोदावरी असले, तरी काठावरच्या माणसांच्या तोंडी ती गंगा आणि तिच्या दोन्ही बाजूंचा मुलूख म्हणजे गंगथडी. नदी वर्षातून एकदा चढणार आणि एकदा आटणार, हे गृहीत धरून येथील गाव वसले, शेती ठरली, रस्ते आखले गेले. नदीच्या या सवयीशी माणसाने जुळवून घेतल्याचा इतिहास म्हणजेच गंगथडीच्या गावांचा इतिहास आहे.

नदी आणि जमीन

हा सगळा प्रदेश बेसॉल्ट खडकाचा, म्हणजे काळ्या दगडाचा आहे. त्या खडकावर गोदावरी, प्रवरा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे गाळ आणून टाकला. उत्तरेकडून कन्नडच्या डोंगरात उगम पावणारी शिवना आणि संभाजीनगर शहरातून वाहणारी खाम, तर दक्षिणेकडून प्रवरा आणि तिला आधीच येऊन मिळालेली मुळा, असा हा पाण्याचा पसारा आहे. नदीने स्वतःच साठवलेला गाळ पुढे स्वतःच कोरत नेला. त्यामुळे मूळ पात्र खोल झाले आणि दरडी उभ्या राहिल्या. अशा दरडीचा छेद जवळून पाहिला, तर तळाशी गोट्यांचा चुन्याने घट्ट बांधलेला थर, त्यावर पिवळसर गाळ आणि सर्वांत वर काळी माती असा क्रम दिसतो. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठावर याच गोट्यांच्या थरात अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली.

येथील पावसाचे मान सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तेही बेभरवशाचे. नदीला येणारे पाणी मात्र दूरच्या सह्याद्रीवरचे. त्र्यंबक, इगतपुरी आणि भंडारदरा या बाजूला धो धो पाऊस झाला, की डोक्यावरचे आभाळ कोरडे असतानाही कायगावच्या घाटाला पाणी लागे. पुराची बातमी ढगांवरून कळत नसे. पाण्याचा रंग गढूळ झाला, फेस आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की काठावरची माणसे समजून घेत. उन्हाळ्यात हीच नदी वाळूच्या विस्तीर्ण पात्रात एका बाजूने वाहणारी बारीक धार होई आणि खडकातल्या खोल डोहांतच काय ते पाणी उरे.

पांढरी आणि काळी

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या गावांचे दोन भाग असतात. घरांची जागा ती पांढरी आणि शेताची जमीन ती काळी. गंगथडीत या विभागणीला पुराने आणखी धार आणली. पुराचे पाणी जिथपर्यंत कधी पोहोचले नाही अशा दरडीवर किंवा जुन्या वस्तीच्या मातीने उंच झालेल्या टेकाडावर गाव बसे. पिढ्यान्‌पिढ्या घरे पडत, त्यांची माती तिथेच पसरे आणि तिच्यावर नवी घरे उभी राहत. त्यामुळे टेकाड आणखी वाढे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचे सपाट छप्पर, अशी घरांची बांधणी होती. धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकून ती चोपावी लागे. पाटलाची गढी सर्वांत उंच जागी, गावाला वेस, वेशीजवळ मारुती आणि नदीच्या अंगाला महादेवाचे देऊळ, असा आराखडा पुष्कळ गावांत आढळे.

काळी जमीन खोल आणि चिकट. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो, म्हणून खरिपापेक्षा रब्बीवर भर होता. पाऊस ओसरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर शाळू ज्वारी, हरभरा, करडई, जवस आणि गहू घेतले जात. नदीलगतच्या खालच्या पट्टीला मळईची जमीन म्हणत. पूर दरवर्षी तिच्यावर नवा गाळ सोडून जाई, त्यामुळे तिला वेगळ्या खताची गरज नसे. मळईतले शेत पुरात जाण्याचा धोका होता आणि पुरानेच ते सकस होत असे. हा व्यवहार शेतकऱ्याला ठाऊक होता आणि तो त्याने मान्य केला होता.

वस्तीचा आरंभ

या काठावर शेतकऱ्यांची वस्ती साडेतीन हजार वर्षांहून जुनी आहे. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात असलेले दायमाबाद हे स्थळ १९५८ मध्ये उजेडात आले. तेथे १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या ओतीव ब्राँझ मूर्ती सापडल्या. नेवाशाला हसमुख सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून उत्खनन झाले. त्यात ताम्रपाषाण काळातील घरे, रंगीत मडकी आणि घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांतील बालकांची दफने मिळाली. एका बालकाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि ते ओवलेल्या दोऱ्याचे अवशेषही टिकून राहिले होते. मेलेल्या लेकराला गावाबाहेर न नेता घरातच जागा देणाऱ्या त्या माणसांची माया इतक्या काळानंतरही समजते.

सातवाहनांच्या काळात पैठण म्हणजे प्रतिष्ठान ही राजधानी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे म्हटले आहे आणि तेथून मौल्यवान खडे गाड्यांतून बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. नेवाशाच्या त्याच काळातील थरांत रोमन बनावटीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. पुढे पैठणचे राजवैभव सरले, तरी विद्येचे आणि तीर्थाचे ठिकाण म्हणून त्याचे महत्त्व टिकले. आजूबाजूच्या गावांची नजर पैठणकडेच राहिली.

संगम, घाट आणि संतांची वाट

दोन नद्यांचा संगम म्हणजे तीर्थ, या समजुतीमुळे कायगाव, टोका आणि प्रवरासंगम ही तीन गावे एकमेकांना बांधली गेली. गोदावरीच्या उत्तर काठावर कायगाव आणि दक्षिणेला टोका व प्रवरासंगम आहेत. रामाने मायावी मृग झालेल्या मारीचाचा वध येथे केला, अशी या भागातील श्रद्धा आहे. कायगावचे रामेश्वर मंदिर आणि टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर ही संगमावरची मुख्य देवस्थाने. पेशवाईच्या काळात बांधलेल्या सिद्धेश्वराच्या आवारात शिवासोबत विष्णू आणि देवी यांचीही देवळे आहेत. काळ्या दगडात देवदेवतांचे आणि पुराणकथांचे कोरीव पट्ट आहेत आणि नदीत उतरणारा दगडी घाट आहे. पाणी कितीही चढले-उतरले, तरी स्नानाला पायरी मिळावी, हेच घाटबांधणीचे मूळ काम. कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांचे गुरू काशीला जाऊन राहिले आणि त्यांनी तेथे ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट बांधून काढले.

मराठी धर्मविचाराचा फार मोठा भाग याच काठावर घडला. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी पैठणला आणि वरच्या अंगाला असलेल्या डोमेग्रामला, म्हणजे आजच्या कमालपूरला राहिले. त्यांच्या लीळा सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’त या नदीकाठच्या गावांतला त्यांचा वावर जागोजागी दिसतो. ज्ञानेश्वरांचे पूर्वज पैठणच्या खालच्या अंगाला असलेल्या आपेगावचे कुलकर्णी होते आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ‘ज्ञानेश्वरी’ नेवाशाला सांगून झाली. एकनाथांचे सारे आयुष्य पैठणला गेले. १५९९ मध्ये त्यांनी गोदावरीतच देह ठेवला, असे परंपरा मानते. फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांच्या नावाने भरणाऱ्या यात्रेसाठी दिंड्या नदीकाठच्या गावागावांतून पैठणला येतात. तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल नाथांनी उचलून कडेवर घेतले, ही त्यांच्या चरित्रातली कथा ऐकणाऱ्याला चटकन उमजते, कारण चैत्र-वैशाखातले गोदावरीचे वाळवंट पायाला कसे भाजते हे येथील प्रत्येकाने अनुभवलेले असे.

वैजापूर तालुक्यात नदीच्या दोन प्रवाहांमध्ये असलेले सराला बेट हे गंगागिरी महाराजांचे स्थान. त्यांच्या परंपरेतील श्रावणातला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी वेगवेगळ्या गावी होतो. गावोगावच्या घरांतून भाकरी गोळा होतात आणि हजारो माणसांची पंगत आमटी-भाकरीवर उठते. नदीचे पाणी कावडीत भरून शनिशिंगणापूर आणि मढी येथे पायी नेण्याची प्रथाही याच काठावरची. गावे लहान असली, तरी नदीमुळे त्यांचा संबंध दूरदूरच्या माणसांशी जोडला गेला.

उतार आणि लढाया

नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येईल, अशा उथळ जागेला उतार म्हणतात. ज्या गावाला उतार त्या गावाला रस्ता, बाजार आणि कधी कधी सैन्याचा त्रासही. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) या दोन मोठ्या ठाण्यांमधला रस्ता टोका-कायगाव येथे गोदावरी ओलांडत असे. १७०७ मध्ये नगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाचा मृतदेह खुलताबादला नेण्यात आला, तोही हीच नदी ओलांडून. जॉन सीली या इंग्रज अधिकाऱ्याने वेरूळच्या प्रवासावर लिहिलेले पुस्तक १८२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच पुणे आणि अहमदनगरबरोबर टोक्याचा उल्लेख आहे. त्या काळच्या वाटसरूंच्या दृष्टीने टोका हा एक महत्त्वाचा मुक्काम होता.

मराठे आणि निजाम यांच्या राजकारणातही नदी हजर आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला वैजापूर तालुक्यातील पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडले आणि ६ मार्चला शेवगाव तालुक्यातील मुंगी येथे गोदावरीच्या काठी तह झाला. १० ऑगस्ट १७६३ रोजी पैठणच्या खाली राक्षसभुवन येथे जे घडले, त्यात नदीचा वाटा आणखी मोठा होता. भर पावसाळ्यात गोदावरी चढलेली होती. निजाम अली सैन्याच्या एका भागासह उत्तर काठावर गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिणेला राहिला. माधवराव पेशव्यांच्या सैन्याने हीच संधी साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या निजामाला पाण्यामुळे मदत करता आली नाही.

सरहद्दीची नदी

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि गंगथडीचे दोन तुकडे झाले. नेवासे-शेवगावचा काठ इंग्रजांकडे आणि गंगापूर-पैठणचा काठ निजामाच्या हैदराबाद संस्थानात. एकाच बोलीत बोलणारी, एकमेकांत सोयरीक करणारी गावे दोन राज्यांत वाटली गेली. उत्तर काठावर संस्थानचा हाली सिक्का चाले, तर दक्षिण काठावर इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार. माल नदी ओलांडून आणला, की करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. दक्षिणेला कज्जे मराठी दप्तरात चालत आणि उत्तरेला पुढच्या काळात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू झाली. लेकीला पलीकडे देणे म्हणजे परक्या राज्यात देणे झाले, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत.

१९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद आणि जालन्याकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. ती नदीपासून बरीच उत्तरेला होती. व्यापार हळूहळू स्टेशनांच्या गावांकडे सरकला आणि उतारांवरची गावे मागे पडली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवसांत सरहद्दीचे महत्त्व पुन्हा वाढले. मुंबई प्रांताच्या हद्दीत कार्यकर्त्यांचे तळ होते आणि संस्थानातून निघालेल्या माणसांना नदीपलीकडे आसरा मिळे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्यानंतर दोन्ही काठ एकाच राज्यात आले आणि गोदावरी राज्यांऐवजी केवळ जिल्ह्यांची सीमा राहिली.

नदीवर जगणारी माणसे

काठावरच्या भोई आणि कोळी समाजांचे जगणे थेट पाण्याशी बांधलेले होते. पावसाळ्यात उतार बुडाला, की नावेशिवाय गत्यंतर नसे. माणसे, धान्याची पोती, शेळ्या-मेंढ्या नावेतून जात. बैल सोडून त्यांना पोहत नेले जाई आणि गाडी वेगळी चढवली जाई. काही गावांत नावाड्याला प्रत्येक फेरीची मजुरी देण्याऐवजी सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. पाणी ओसरल्यावर हीच माणसे जाळी टाकत. मरळ, वाम, शिंगाडा हे येथील ओळखीचे मासे. उन्हाळा आला, की उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज, खरबूज आणि काकडीच्या वाड्या लावल्या जात. वाळूत ओल लागेपर्यंत खड्डा घ्यायचा, त्यात शेणखत भरायचे आणि बी टोचायचे. वेल वाळूवर पसरे आणि मूळ खालच्या ओलीपर्यंत पोहोचे. पहिल्या पुराच्या आत फळ तोडून मोकळे व्हावे लागे. कुणाच्याही सातबाऱ्यावर नसलेल्या या वाळूवर अनेक भूमिहीन कुटुंबांचे वर्ष निघे.

वरची धरणे

नदीची जुनी लय पहिल्यांदा बिघडली ती पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाने नव्हे, तर वरच्या धरणांनी. दारणा नदीवरचे धरण १९१६ मध्ये आणि प्रवरेवरचे भंडारदरा १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या कालव्यांवर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत ऊस उभा राहिला. लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला, गावे सधन झाली. मात्र संगमाकडे येणारे हिवाळ्या-उन्हाळ्यातले पाणी कमी होत गेले. पुढे नाशिकजवळ गोदावरीवर गंगापूर धरण आणि मुळा नदीवर मुळा धरण झाले, तेव्हा खालच्या गावांच्या वाट्याला मुख्यतः पावसाळ्यात सोडलेले जादा पाणी उरले.

नाथसागर

मराठवाड्यासाठी गोदावरी अडवण्याचा विचार निजामाच्या काळापासून होता. त्यासाठी आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळची जागा पाहिली होती. पुढे जागा बदलून पैठण ठरली, पण नाव जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत आणि एकूण साठवण क्षमता १०२ अब्ज घनफुटांहून अधिक आहे. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून परभणी जिल्ह्यापर्यंत जातो. उजवा १३२ किलोमीटरांचा आहे आणि बीड जिल्ह्याकडे जातो. जलाशयाला एकनाथांवरून नाथसागर हे नाव मिळाले.

पात्राभोवतीचा मुलूख सपाट असल्याने पाणी खोल न होता दूरवर पसरले. सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली गेले. त्यात सर्वांत सुपीक मळईची जमीन होती आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीने उंच झालेल्या पांढऱ्याही होत्या. शंभराहून अधिक गावांना झळ बसली. पुरापासून वाचण्यासाठी निवडलेल्या उंच जागाच बुडाल्या. माणसांनी घरांची लाकडे, दारे आणि तुळया काढून नेल्या, देव उचलले आणि माळावर आखून दिलेल्या गावठाणात नवी घरे बांधली. जुने कायगाव आणि नवीन कायगाव ही आजची दोन नावे त्याच स्थलांतराची खूण आहेत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली झाला. तोपर्यंत येथील बहुतेक माणसे उठलेली होती. मराठवाड्याच्या शेतीला आणि संभाजीनगरच्या नळाला मिळालेल्या पाण्याची किंमत या गावांनी आधीच मोजली होती. हे ऋण लाभ झालेल्या सर्वांनी लक्षात ठेवायला हवे.

काठाची नवी घडी

धरणानंतर पाण्याचा चढउतार संपला नाही, त्याचे वेळापत्रक बदलले. पूर्वी पूर काही दिवसांत ओसरे. आता पावसाळ्यात भरलेला साठा हिवाळाभर उभा राहतो आणि उन्हाळ्याकडे सरकताना हळूहळू मागे हटतो. मागे हटणाऱ्या पाण्याखालून जी जमीन उघडी पडते, तिच्यावर गाळपेर करतात. ज्यांची शेते बुडाली त्यांना प्राधान्य देऊन सरकार ही जमीन एका हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते. ओल्या गाळात गहू, हरभरा, कांदा आणि टरबूज येतात. पाणी खूप खाली गेले, की बुडालेल्या गावांची जोती, घाटांच्या पायऱ्या आणि देवळांचे चौथरे उघडे पडतात. काठावरच्या भिवधानोरा, गळनिंब अशा गावांनी जलाशयातून मोटारींनी पाणी उचलून ऊस आणि कापूस वाढवला. ज्या टापूत रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक होते, तेथे बागायत आली. भोई समाजाने कटला, रोहू आणि मृगळ या सोडलेल्या माशांच्या आधाराने मासेमारी पुढे चालवली. उथळ, पसरट पाणी पक्ष्यांनाही मानवले. १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि हिवाळ्यात रोहित, पट्टकदंब, कांड्या करकोचे आणि नाना तऱ्हेची बदके संगमाजवळच्या पाणथळीत दिसू लागली.

धरणाखाली असलेल्या पैठणला नवा धोका दरवाजांचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये मोठा विसर्ग झाल्यावर शहराच्या सखल भागात पाणी शिरले. उलट दुष्काळी वर्षांत नाथसागर भरत नाही आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वाद पेटतो. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील साठा किमान ६५ टक्क्यांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने वरचे पाणी सोडावे, असे त्याचे सूत्र होते. कधीकाळी त्र्यंबकच्या पावसावर अवलंबून असलेली गंगथडी आता त्या पावसाबरोबर अशा आदेशांवर, दरवाजांच्या वेळापत्रकावर आणि उपसा परवान्यांवरही अवलंबून आहे. पाण्याचा वाटा ठरवताना कालव्याखालच्या गावांबरोबर जलाशयासाठी जमीन देणाऱ्या गावांचाही हक्क मोजला जाणे, हा या काठाचा आजचा मुख्य प्रश्न आहे.